फेटा बांधून गाडी बघू नये

आमच्याकडं बैल घ्यायला निघालेला माणूस एक जाणता सोबत नेतो. जाणत्यानं दात बघायचे, खूर बघायचे, चालवून बघायचं आणि शेवटी मान हलवायची. पैसे देणारा वेगळा, मान हलवणारा वेगळा. पुढं बैल कमी झाले, गाड्या वाढल्या आणि हीच रीत गाड्यांना लागू झाली. लोहारा तालुक्यात मान हलवायचं काम बरीच वर्षं माझ्याकडं होतं. माझं गॅरेज होतं, ते आता बंद आहे. मान अजून हलते, पण वयामुळं, हे विचारायला येणाऱ्यांना मी आधीच सांगून ठेवतो.

जुनी गाडी बघायला गेलो की माझा एक नियम असे. गाडी बघून होईपर्यंत मालकाकडचं काही घ्यायचं नाही. बघून झालं की हात पुसायचे आणि मालकाला म्हणायचं, "चहा सांगा," नाहीतर म्हणायचं, "पाणी द्या." चहा म्हणजे गाडी घ्या. पाणी म्हणजे उठा, निघू. ज्याच्या दारात उभे आहोत त्याच्या गाडीला तोंडावर वाईट म्हणणं आमच्याकडं बरं दिसत नाही, आणि पाणी मागितल्याचा राग कुणाला येत नाही. हळूहळू ही खूण तालुकाभर कळली. मग मी पाणी मागितलं की काही मालक ऐकू न आल्यासारखं करत आणि आत चहा टाकायला सांगत.

हा नियम मी एकदाच मोडला. ती हकीकत सांगायचीच आहे, पण आधी धंदा थोडा सांगतो, नाहीतर माझी चूक किती मोठी होती हे बाहेरच्यांना कळणार नाही.

माझं सामान साधं होतं. जुन्या पायमोज्यात गुंडाळलेलं लोहचुंबक, उजेडाची बॅटरी, फडकं आणि एक पोतं. पेंटर लोक ठोकलेल्या पत्र्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वर चकचकीत रंग मारतात, तिथं चुंबक चिकटत नाही. ब्रेकच्या पायडलचं रबर बघायचं. एक गाडी 'बाईमाणसानं फक्त देवळात जाण्यापुरती' वापरलेली होती आणि तिचं रबर झिजून खालचं लोखंड दिसत होतं. देऊळ बरंच लांब असावं. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बघायचा, कारण पुरात बुडालेली गाडी धुताना सगळं धुतात, पण गुंडाळलेला पट्टा कुणी धूत नाही. एका पट्ट्याच्या शेवटच्या वितीवर गाळाची रेघ निघाली. मालक म्हणाला, धूळ आहे. मी म्हटलं, तुमच्याकडची धूळ फारच शिस्तीची दिसते. आणि गाणं बंद करायला सांगायचं. गाणं लावून गाडी दाखवणाऱ्याला इंजिनचा आवाज आपल्यापासून लपवायचा असतो.

गिऱ्हाइकं मात्र भलतंच बघतात. तुळजापूरचे एक पुजारी मुहूर्त काढून गाडी घ्यायला निघाले. मुहूर्त टळू नये म्हणून त्यांनी मला बघायला चहा उकळण्याइतका वेळ दिला. मी पाणी मागितलं, त्यांनी गाडी घेतली. ती त्याच दिवशी ढकलत घरी नेली. नंतर मी हळूच विषय काढला तर म्हणाले, मुहूर्त घेण्याचा होता, चालू होण्याचा नव्हता.

बंद गाडीची गोष्ट आणखी वेगळी. बंद गाडी विकणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोलतो: "काही नाही, फक्त बॅटरी उतरलीय." बॅटरीच उतरली असेल, तर नवी टाकून गाडी चालू करून विकायला याला कुणी अडवलं होतं, एवढंच घेणाऱ्यानं स्वतःला विचारायचं. निम्मं शहाणपण यातच आहे. उरलेलं निम्मं पोत्यावर पाठ टेकून गाडीखाली जाण्यात आहे. वरून बघणारा माणूस गाडी बघत नाही, रंग बघतो. हे वाक्य मी लोकांना इतक्या वेळा ऐकवलंय की आता लिहिताना लाज वाटते.

गेल्या उन्हाळ्यात बिरू आणि त्याची बायको मंगल माझ्या दारात आली. बिरू सास्तूरकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. घरात पहिला पगार त्यानं आणला, ड्रायव्हर होऊन. आता तो लोहारा ते तुळजापूर प्रवासी भरून वडापची जीप चालवतो.

"मिस्त्री, एक गाडी बघायची हाय," तो म्हणाला.

"कुठली?"

"लाल."

आमच्या तालुक्यात लाल गाडी म्हटल्यावर दुसरा प्रश्न उरत नाही. नानासाहेब गुत्तेदारांची ती परदेशी रेसची गाडी, दोन दारांची, इतकी बुटकी की बसायचं म्हणजे चुलीपुढं बसल्यासारखं. सहा वर्षं बंद पडलेली.

"ती चालत नाही," मी म्हटलं.

"म्हणून तर परवडायलीय."

"परवडायलीय?" मंगल मधेच म्हणाली. "मामा, जीप इकून परवडायलीय. जीप माझ्या नावावर हाय, माझ्या भावांनी दिलेली. हेनी म्हणत्यात, ती द्यायची अन् लाल घ्यायची. चालती दिऊन बंद घ्यायची, हे कोणच्या शाळंत शिकिवत्यात?"

"तू जरा गप की."

"गप बसायला घर होतं की. हितं कशाला आले मग?"

मी बिरूला विचारलं, "घेऊन करणार काय?"

"उघडणार."

"आणि?"

तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "चेंबर बघणार."

यावर बोलण्यासारखं जे होतं ते मी सहा वर्षांपूर्वी बोलून बसलो होतो.

नानासाहेबांच्या मुलाचं, बाळराजेंचं लग्न लोहाऱ्यात झालं. वरातीला घोडा सगळेच आणतात म्हणून ही गाडी आणली होती. गाडी बुटकी आणि लोहाऱ्याचे स्पीडब्रेकर उंच. त्यामुळं वरातीपुढं चार माणसं लाकडी फळ्या घेऊन चालत होती. स्पीडब्रेकर आला की फळ्या टाकायच्या, गाडी वरून गेली की उचलून पुन्हा पुढं पळायचं. इतक्या सन्मानानं स्पीडब्रेकर ओलांडताना मी कुणाला पाहिलेलं नाही. गाडी चालवत होता बिरू, नानासाहेबांचा पगारी ड्रायव्हर. मांडवाच्या अलीकडचा शेवटचा स्पीडब्रेकर ओलांडला आणि थोडं पुढं जाऊन इंजिननं धरलं. म्हणजे आतलं सगळं एकमेकाला चिकटलं. रस्त्यावर ऑइलचा ओघळ होता.

मी मांडवात पाहुणा होतो. मला फेटा बांधला होता, मालकाकडचा. माझ्यासारख्याला लग्नात बहुधा टॉवेल-टोपी मिळते. त्या दिवशी खास सोलापूरहून आलेल्या बांधणाऱ्यानं तुरा काढून, मागं शेमला सोडून फेटा बांधला होता आणि आमदारांच्या मागच्याच रांगेत खुर्ची दिली होती. मोठेपणाला हसणारा माणूस म्हणून माझी थोडी ख्याती आहे. ती मला मोठेपणा मिळाला नव्हता तोवरची.

नानासाहेबांनी बोलावलं. "मिस्त्री, बघा बरं काय झालंय."

मी गेलो. फेटा पडणार नाही इतपत वाकलो. खाली ऑइल दिसलं. मी म्हणालो, "स्पीडब्रेकरला चेंबर फुटलंय. ड्रायव्हरचं लक्ष नव्हतं."

चेंबर म्हणजे इंजिनच्या बुडाचं ऑइलचं भांडं. ते फुटलं तर ऑइल जातं, आणि ऑइल गेलं तर इंजिन जातं. निदान शास्त्रशुद्ध होतं. फक्त ते मी पाहिलं नव्हतं.

बिरू म्हणाला होता, "मिस्त्री, फळीवरनंच काढलीय म्या. जरा खाली जाऊन बघा की."

"इथनं दिसतंय," मी म्हणालो.

इथनं मला दिसत होती ती माझ्या तुऱ्याची सावली. खाली जायचं तर फेटा उतरवावा लागला असता, आणि तो परत बांधणारा तोवर दुसऱ्या डोक्याकडं गेला होता.

अक्षता पडायच्या आत बिरूची नोकरी गेली. बाळराजे बैलगाडीतून मांडवात गेले आणि जास्त शोभले. मी जेवलो. श्रीखंड होतं.

त्यानंतर बिरूला कुणी गाडी हातात दिली नाही. मंगलच्या भावांनी जीप घेऊन दिली म्हणून घर चाललं. वडापच्या स्टँडवर त्याचं नाव 'चेंबर' पडलं. जीपमध्ये बसणारे रोजचे लोकसुद्धा म्हणायचे, चेंबर, पुढं स्पीडब्रेकर हाय बरं का. हे मी स्वतः त्याच जीपमध्ये बसून ऐकलेलं आहे. त्या दिवशी मी खिडकीतून तुरीचं पीक फार लक्ष देऊन पाहिलं.

"नानासाहेबांस्नी म्या चारदा म्हणलं," बिरू सांगत होता, "एकदा खाली बघू द्या. ते म्हणत्यात, ज्यानं मारली त्याला हात लावू देणार न्हाय. आता इकायला काढलीय. घेतली तर माझी हाय. चौकात उभी करतो अन् उघडतो."

"आणि चेंबर फुटकंच निघालं तर?"

"न्हाय निघत."

"अन् जीप गेल्यावर खायचं काय, चेंबर?" मंगल म्हणाली, आणि म्हटल्यावर तिचंच तोंड उतरलं. तेवढं एकच नाव तिच्या तोंडून येऊ नये असं तिनं ठरवलेलं असावं. मग ती मला म्हणाली, "मामा, तुमी चला. तुमी चहा म्हनला तर म्या जीपच्या कागदावर सही करते. पाणी म्हनला तर हेनी गपगुमान घरला यायचं. पुन्हा लाल गाडीचं नाव काढायचं न्हाय."

"कबूल," बिरू म्हणाला. मग माझ्याकडं बघून: "पर ह्या टायमाला खाली जाऊन बघा."

मला नाही म्हणायचं होतं. चेंबर फुटकं निघालं तर बिरू कायमचा संपला. चांगलं निघालं तर मी. कुठल्याही बाजूनं बघितलं तरी घरी बसून वाचनालयाचं पुस्तक संपवणं सोयीचं होतं. पण मंगल आधीच उठून पोतं शोधायला लागली होती.

दोन दिवसांनी आम्ही तुळजापूरला गेलो. गाडी नानासाहेबांच्या लॉजच्या मागं, जनरेटरशेजारी ठेवलेली होती. जीप रिकामी कशाला न्यायची म्हणून मंगलनं स्टँडवरून सीटा भरल्या होत्या. देवीला निघालेले सात-आठ जण, बहुतेक रोजचेच, बिरूला चेंबर म्हणणारे. लॉजवर पोचल्यावर त्यांना दर्शनाची घाई राहिली नाही. गाडीभोवती ते असे उभे राहिले की जणू त्यांनाच बोलावलं होतं. मंगलकडं बघितलं तर ती पदराची गाठ सोडून पुन्हा बांधण्यात गुंग होती. तेव्हा मला कळलं की सीटा तिनं कशाला भरल्या.

नानासाहेब पांढऱ्या कपड्यात आले. मागच्या भिंतीवरही त्यांचे पुढाऱ्यांबरोबरचे फोटो लावलेले होते, जनरेटरनं बघावेत म्हणून. "बिरू, तू घेणार? वा! नशीब काढलंस की." मग मला म्हणाले, "मिस्त्री, काय न्हाय हो, फक्त बॅटरी उतरलीय."

सगळा तालुका ज्या इंजिनच्या मयताला हजर होता, त्याच्याबद्दल ते हे म्हणाले. नियम किती पक्का असतो पाहा.

गाडीवरचं कापड काढलं. चारी चाकं बसलेली. चुंबक लावलं, तर ते कुठंच चिकटेना. सगळं अंग ॲल्युमिनियमचं. आयुष्यात पहिल्यांदा चुंबक परत खिशात ठेवलं. दार उघडलं. स्टिअरिंगपुढच्या मीटरच्या काट्यांवर वरातीतल्या झेंडूच्या माळा चिकटपट्टीनं लावलेल्या तशाच होत्या, वाळून काळ्या झालेल्या. इंजिनच्या पुढच्या बोल्टला लांब दांड्याचा पाना लावून मी आणि बिरूनं जोर दिला. केसभरही हललं नाही. इंजिन गेलेलं होतं. सुटे भाग समुद्रापलीकडून यायचे. घेणाऱ्यासाठी प्रश्न तिथंच संपला होता. नियमाप्रमाणं मी हात पुसून पाणी मागायला हवं होतं.

"बिरू, जॅक आण," मी म्हटलं.

त्यानं दोन जॅक आणले, आणि मी न सांगता लाकडी ठोकळेही. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाणारा मेकॅनिक फार दिवस मेकॅनिक राहत नाही. गाडी उचलली, ठोकळे लावले, पोतं टाकलं. मी टोपी काढून मंगलच्या हातात दिली आणि पाठीवर सरकत आत गेलो. या वयात आत जाणं सोपं असतं, बाहेर येण्याचीच काळजी असते.

चेंबरवर धूळ आणि जुनं ऑइल यांचा थर होता. डिझेलच्या फडक्यानं पुसला. खालचं बूड ताटासारखं साफ. ओरखडा नाही, पोचा नाही, चीर नाही. बॅटरीचा उजेड फिरवला, बोटानं चाचपलं, पुन्हा पुसलं. मग भोक दिसलं. ऑइल बदलताना जुनं ऑइल काढायला चेंबरच्या बुडाला एक नट असतो. तो नट जागेवर नव्हता. आटे शाबूत होते. मी त्यात करंगळी घातली, ती सहज आत गेली. सहा वर्षांपूर्वी एवढीच करंगळी घालायची होती.

खालून मी विचारलं, "नानासाहेब, लग्नाआधी ऑइल बदललं होतं का?"

"आदल्या दिवशी बाळराजेंनी बदलून आणलं होतं की. गाडी कशी फ्रेश पाहिजे."

"कुठनं?"

"आता ते काय ध्यानात हाय? कुणीतरी पोरं होती."

"डिकी उघडा."

डिकीत गाडीच्या पोटाखालचं प्लास्टिकचं झाकण ठेवलेलं होतं, आणि त्याचे सगळे स्क्रू एका पिशवीत. काढणाऱ्यानं ते परत बसवायचे कष्टही घेतले नव्हते. नट त्यानं हातानंच फिरवला असणार. वरातीत गाडी थरथरत चालली, नट गळाला आणि ऑइल रस्त्यावर गेलं.

मी बाहेर आलो. दोन जणांनी हात धरून उभं केलं. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. गॅरेजात शिकलेली एक गोष्ट अशी की बिघाड सांगताना कमी शब्दांत सांगावा.

"चेंबर फुटलेलं नाही," मी म्हणालो. "नट नीट आवळलेला नव्हता. तो वाटेत पडला. यात बिरूचा दोष नाही."

नानासाहेब बिरूकडं बोट करून म्हणाले, "पर ऑइलचा लाल दिवा लागला आसल की म्होरं. ह्याला दिसला न्हाय?"

बिरू पहिल्यांदाच मोठ्यानं बोलला. "दिव्यावर झेंडू होता, नानासाहेब. म्या माळा काढायलो तर बाळराजे म्हणले, फोटोत वंगाळ दिसतंय."

मी दार पुन्हा उघडलं आणि त्या काळ्या माळा सगळ्यांना दिसतील असा बाजूला झालो.

"पर मिस्त्री," नानासाहेब म्हणाले, "त्या दिवशी चेंबर फुटलं म्हणून तुमीच सांगितलं होतं."

"होय. मी खाली बघितलं नव्हतं."

"का?"

"फेटा होता."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सीटांपैकी एक म्हातारबुवा, स्टँडवर बिरूला सगळ्यात जास्त छळणारे, घसा साफ करून म्हणाले, "मग सा वरीस आमी त्याला काय म्हनायलाव?" त्यांच्या शेजारचा म्हणाला, "तू म्हनत हुतास. आमी नुसतं हसत हुतो."

बिरू गाडीकडं बघत उभा होता. जीप देऊन गाडी घ्यायची, चौकात उभी करायची, उघडायची, हे सगळं त्यानं इतकी वर्षं मनात घोळवलं होतं की ते असं लॉजच्या मागं, जनरेटरशेजारी उरकलं हे त्याला पटत नसावं. तो मला म्हणाला, "मिस्त्री, दुसरं इंजिन टाकून चालू करता यील का?"

नानासाहेबांना धीर आला. "का न्हाय यायचं! घे, बिरू. तुझ्यासाठी कमी करतो. अरे, मिस्त्रींना चहा टाका!"

मंगल माझ्याकडं बघत होती. माझी टोपी तिनं दोन्ही हातांत धरली होती.

"पाणी द्या," मी म्हणालो.

"चहा होतोय हो."

"पाणीच द्या, नानासाहेब."

मंगलनं टोपी माझ्या हातात दिली आणि जीपकडं चालायला लागली. बिरूनं ठोकळे काढले, जॅक उतरवले, एकेक पुसून जीपमध्ये ठेवले. लाल गाडीवर कापड त्यानंच घातलं, चारी बाजूंनी नीट ओढून. मालकाची गाडी झाकायची जुनी सवय. ते म्हातारबुवा जीपपाशी जाऊन म्हणाले, "चें..." आणि थांबले. मग म्हणाले, "बिरू, आमी दर्शन करून येताव. जागा धर बरं आमची."

दर्शनाला गर्दी होती, लोक यायला वेळ होता. आम्ही तिघं रस्त्याकडेच्या हॉटेलात बसलो. सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं आणि चहाचा वास येत होता. नियम पाळून झाला होता, गाडी बघून झाली होती, आता चहा घ्यायला हरकत नव्हती.

बिरू गल्ल्यापाशी जाऊन म्हणाला, "दोन चहा."

पोऱ्यानं दोन कप आणले. एक मंगलपुढं ठेवला, एक बिरूच्या जागेवर. मंगलनं नवऱ्याकडं बघितलं. बिरू मात्र लगेच बसला नाही. कोपऱ्यातल्या माठापाशी गेला, पेला विसळला, पुन्हा विसळला, काठोकाठ भरला आणि सांडू न देता माझ्यापुढं आणून ठेवला.

"घ्या मिस्त्री," तो म्हणाला, "पाणी."

त्यात राग नव्हता. बघून झालं होतं, आणि ज्याचं बघितलं त्याच्या तोंडावर वाईट बोलायचं नव्हतं. ही रीत मीच घालून दिली होती.

मी पेला उचलला आणि सगळं पाणी प्यायलो. ऊन होतं, तहानही लागली होती.